फोन ठेवायचा नाही

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी रोज लिहायला सांगितलं आहे. जेवणाला चव लागत नाही, एवढीच माझी तक्रार होती. त्यांनी रक्त तपासलं, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ बघून दचकल्या नाहीत, याचं मला नवल वाटलं. आमच्या घराण्यात तिची ख्याती आहे. सगळं व्यवस्थित निघालं, तेव्हा म्हणाल्या, "रोज मनाला जे वाटतं ते लिहून काढा."

वाटत काहीच नाही. घडतं ते लिहीन.

आज घडलं ते असं. सकाळी बंधुराजांनी एका गच्चीवरून मला कळवलं की मोठी कंपनी आपली कंपनी घेतेय. सगळी नाही, साठ टक्के. उरलेली चाळीस आपल्या दोघांची.

"कुठली चाळीस?" मी विचारलं. "डोक्याकडची की पायाकडची?"

"हं," तो म्हणाला.

मोठी कंपनी म्हणजे मोबाइलवाली. तिच्या जाहिरातीतली मुलगी चौकाचौकात फोन कानाला लावून हसत असते. एवढं हसायला तिला कोण काय सांगतं, देव जाणे. आमची कंपनी म्हणजे जुन्या वस्तीत घरोघर इंटरनेट देणारी. मी, माझा धाकटा भाऊ, तारा ओढणारी चार माणसं आणि एका बंद पडलेल्या शिंपी-दुकानामागची खोली. खोलीत यंत्रं असतात, त्यांना गारवा लागतो, म्हणून भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून बसते. साठ टक्के घेणारे स्वेटरही साठ टक्के घेतील का, असं मी विचारलं.

"हं."

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाई हे वाचणार नाहीत म्हणाल्या, पण डॉक्टर लोक काहीही म्हणतात. तेव्हा खुलासा करून ठेवते.

आमच्याकडे फोन ठेवायचा नाही, अशी पद्धत आहे. ग्राहकांचा नव्हे, आमचा. सकाळी तो घराबाहेर पडला की मला फोन लावतो, इअरफोनचं एक बोंडूक कानात घालतो आणि संध्याकाळपर्यंत लाइन चालू राहते. तो गच्च्यांवर, खांबांवर, लोकांच्या माळ्यांवर. मी पडद्यासमोर. कुठली लाइन लाल झाली ते मी सांगते, तो जाऊन ती हिरवी करतो.

सुरुवातीच्या वर्षी तो एका गच्चीवर शिडीवरून पडला होता. पाय मोडला, फोन हातातून उडून टाकीमागे गेला. पाणी सोडणारा माणूस वर आला तेव्हा कुठे कळलं. तोवर हा उन्हात पडून होता आणि मी इथे ग्राहकांना "येतोय हो माणूस, येतोय" सांगत होते. त्या दिवशी दवाखान्यात मी त्याला सांगितलं, यापुढे फोन ठेवायचा नाही. तो तेव्हा सव्वीसचा होता. "बरं," म्हणाला. अजून ठेवलेला नाही.

आता दिवसभर लाइन चालू म्हटल्यावर माणूस मुका थोडाच बसणार? मी बोलते. जिना चढताना त्याला धाप लागली की म्हणते, "चढतोयस की भाता फुंकतोयस?" एखाद्या घरी तो फार नम्रपणे बोलला की म्हणते, "पाया पड आता, तेवढंच राहिलंय." बाईमाणसाशी बोलताना त्याचा आवाज मऊ होतो, तेव्हा तर मला फारच काम असतं. तो "हं" म्हणतो. त्याच्या "हं"चे बरेच प्रकार आहेत. काही होकार असतात, काही नकार, काही नुसते जिवंत असल्याची खूण.

माझं लग्न झालं होतं. ते वर्षभर टिकलं. तो गृहस्थ म्हणायचा, घरात रेडिओ आहे आणि त्याला बटण नाही. विनोद बरा होता. एवढा एकच केला त्याने.

७ मार्च, शुक्रवार

मोठ्या कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय. आमच्या खोलीत इतकी थंडी आणि त्याला टायमुळे घाम. त्याचं नाव मी टायवाला ठेवलं, ते त्याला कळलं नाही. बंधुराजांना कळलं. त्यांनी मान खाली घातली.

टायवाला बंधुराजांना म्हणाला, "तुमची पुढच्या पाच वर्षांची दिशा काय?"

मी म्हटलं, "वर. तो दिवसभर जिनेच चढतो."

टायवाला हसला. मग पुन्हा बंधुराजांकडे वळून, "तुम्हाला या सगळ्यात सर्वांत जास्त काय महत्त्वाचं वाटतं?"

"गच्च्या," मी म्हटलं. "तुमच्याकडे पैसा आहे, तारा आहेत, जाहिरातीतली ती दंतपंक्ती आहे. पण जुन्या वस्तीतल्या गच्चीवर पेटी बसवायला परवानगी नाही. ती ह्याच्याकडे आहे. लोकांच्या पायरीवर बसून मिळवलेली. आवळा देऊन कोहळा न्यायला आलात, हे आम्हाला कळतं."

टायवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही फारच स्पष्ट बोलता." मग बंधुराजांना म्हणाला, "तुमचं मत?"

बंधुराज तोंड उघडेपर्यंत मी सांगून टाकलं, "त्याचंही तेच मत."

त्याला बोलता येत नाही चारचौघांत. लहानपणापासूनच. वर्गात उभं केलं की घाम फुटायचा. आजही मी नसते तर त्या टायवाल्याने त्याच्या अंगावरचा शर्ट काढून नेला असता.

जाताना दोघं बाहेर गाडीजवळ बराच वेळ उभे होते. खिडकीतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आत आल्यावर विचारलं, "काय म्हणत होता?"

"काही नाही. गाडीचं मायलेज."

१२ मार्च, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही. जेवले. चव नाही.

१३ मार्च, गुरुवार

भावाकडे जेवायला. भावजयीने तिखट जास्त घातलं होतं, मला चव लागत नाही हे तिला कळलं म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं पण चव आली नाही. "रडताय का, वन्सं?" तिने विचारलं. ती मला वन्सं म्हणते तेव्हा समजावं, काहीतरी मागायचं आहे.

घरात विलक्षण शांतता. टीव्ही बंद. बंधुराज आले, दाराशी चपलांच्या मांडणीवर कानातलं बोंडूक काढून ठेवलं, जसं कोणी बाहेरची चप्पल बाहेर ठेवतं, आणि आतल्या खोलीत गेले ते पानं वाढल्यावरच बाहेर आले.

"रोज असंच," भावजय म्हणाली. "घरी आले की तासभर एक शब्द नाही. मीही बोलायचं नाही. पंखासुद्धा एकवर. दोनवर आवाज होतो म्हणतात."

"दमत असेल. सेहेचाळीस म्हणजे काही कोवळं वय नाही. जिने चढतो दिवसभर, आणि तुझ्या हातचं खाऊन वजन का कमी आहे?"

ती हसली नाही. भांडी आवरताना हळूच म्हणाली, "ताई, सही करून टाका हो."

"तुला काय नवं घर बांधायचंय?"

"मला काही नको." आणि नळ मोठा सोडला.

माणसं पैशाला "काही नको" म्हणतात तेव्हा आकडा मोठा असतो, असा माझा अनुभव आहे.

१८ मार्च, मंगळवार

माझ्या सहीशिवाय काही होत नाही. कंपनी अर्धी त्याची, अर्धी माझी. दोघांच्या सह्या हव्यात. गेले काही दिवस टायवाला मला रोज सकाळी शुभेच्छा पाठवतो. फुलाचं चित्र असतं. आज उगवता सूर्य होता.

विचार करून पाहिला. विकायचं का? न विकायला कारण काय? ग्राहक? एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांची लाइन चालू असली तरी ते फोन करतात. म्हणतात, "बाई, जरा रागवा हो, आज घरात कोणी नाही." मी रागावते. ते खूश होऊन फोन ठेवतात. मोठी कंपनी त्यांना एक दाबा, दोन दाबा सांगेल. पण हे काही कारण नव्हे. पैशाचं म्हणाल तर माझा खर्च तो काय. स्वेटर आहे.

खरं कारण शोधताना डोकं नुसतं जड होतं. सकाळी तो फोन लावतो आणि संध्याकाळी "चल, पोचलो" म्हणतो, या दोहोंच्या मध्ये माझा दिवस असतो. तेवढाच असतो. हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. काही वाटलं नाही.

दुपारी त्याला सांगून टाकलं, "मी सही करणार नाही."

पलीकडे काहीच नाही. "हं"सुद्धा नाही. मग फोन कट.

संध्याकाळी म्हणाला, रेंज गेली होती. मोठ्या कंपनीच्याच टॉवरखाली उभा होता तो. नशीब एकेकाचं.

१९ मार्च, बुधवार

त्याचं बोंडूक बिघडलं म्हणे. दिवसभर लाइन नाही. काम असेल तेव्हा तो फोन करून विचारतो, उत्तर मिळालं की बंद.

मी पडद्याशी बोलले थोडा वेळ. तारा ओढणारा एकजण बिल द्यायला आत आला होता. "कोणाशी बोलताय, ताई?" म्हटलं, "तुझ्या अकलेशी. बघते घरी आहे का."

२१ मार्च, शुक्रवार

त्याच्यासाठी नवीन इअरफोन आणले. बाजारातले सर्वांत चांगले. तार नाही, काही नाही. हलत नाहीत, पडत नाहीत, घामाने बिघडत नाहीत, बॅटरी दिवसभर पुरते. दुकानदार म्हणाला, "हे घातलं की काढायची गरजच नाही." त्याला दिले.

तो बराच वेळ डबीकडे बघत राहिला.

"आवडले नाहीत?"

"चांगले आहेत," तो म्हणाला.

माझ्याकडून त्याला काही मिळालं की तो असाच गप्प होतो. मुखदुर्बळ माणसाला आभारही मानता येत नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

मोठ्या कंपनीने त्यांचा इंजिनियर पाठवला, गच्च्या बघायला. माझ्या नकाराने त्यांचं घोडं अडलेलं नाही. टायवाल्याला वाटतं, फुलांनी काम होईल.

सकाळपासून लाइन चालू होती. बंधुराज पाहुण्याला घेऊन कापडवाल्यांच्या इमारतीवर गेले. मी नेहमीप्रमाणे सोबत. "पाहुण्याला सांग, कठड्याला टेकू नको, तो कठडा आपल्या कंपनीपेक्षा जुना आहे." मग त्याने कानातलं काढलं असावं, कारण त्याचा श्वास लांब गेला आणि कापडाची खसखस ऐकू आली. खिशात टाकलं. जुनं ओढून काढलं की तारेवरचं बटण दाबलं जाऊन फोन कट व्हायचा. या महागड्याला ते माहीत नाही. ते खिशात बसूनही ऐकत राहतं. दुसरं कोणी असतं तर लाल बटण दाबलं असतं. पण आम्हाला फोन ठेवायची सवयच नाही. ते बटण कुठे असतं, हे त्याला आठवावं लागलं असतं.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात तो बोलायला लागला.

तो पाहुण्याला एक गोष्ट सांगत होता. एका घरी रोज दुपारी चारला इंटरनेट जायचं. हा तिथे जाऊन बसला. चार वाजले तशी घरातली सासूबाई उठली, शांतपणे जाऊन प्लग काढला आणि परत येऊन बसली. म्हणाली, "या वेळेला जावईबापू मित्रांशी ऑनलाइन पत्ते खेळतात आणि आरडाओरडा करतात. तुम्ही चहा घ्या. फक्त एवढं करा, बिघाड सापडला नाही म्हणून सांगा." मग जावई बाहेर आला, ह्याला बाजूला घेऊन म्हणाला, "मला माहीत आहे कोण काढतं ते. पण तुम्ही दुरुस्त करू नका. मी रोज हरत होतो. आता निदान लाइन गेली म्हणून सांगता येतं."

त्याने सासूचा आवाज काढला, जावयाचा काढला. पाहुणा हसून हसून खोकायला लागला. बंधुराजही हसले. ती तक्रार मला आठवते. मी रोज तिच्यावरून ह्याला टोचत होते, साधा बिघाड सापडत नाही म्हणून. "सापडत नाही," एवढंच तो म्हणाला होता.

मग पाहुणा म्हणाला, "तुमची अट ऐकली मी. ताईंची नि तुमची ऑफिसं वेगळी हवीत. फोनसुद्धा वेगळे. भांडण आहे का?"

"छे हो," तो म्हणाला. "भांडण असतं तर बरं. भांडण मिटतं तरी."

"मग?"

"ताई चांगली आहे. तिने मला माणसांत आणलं. पण ती कानात राहते हो. वीस वर्षं. मी घरी गेलो तरी ऐकू येते. बायको काही बोलायला लागली की ताई त्यावर काय म्हणेल ते मला आधी ऐकू येतं, मग बायको काय म्हणाली ते. मुलीने परवा कविता वाचून दाखवली, तर त्यातसुद्धा. मला एकदा नुसतं गच्चीवर उभं राहून गच्ची ऐकायचीय. बाकी काही नको. पैसे त्यांनी काय द्यायचे ते द्यावेत."

"मग सांगा की त्यांना तसं."

"सांगायला जागा कुठे मिळते?"

पाहुणा हसला. बंधुराज या वेळी हसले नाहीत.

मग खसखस झाली. एकदम त्याचा आवाज जवळ. "ताई?"

मी काही बोलले नाही.

"ताई, आहेस का लाइनवर?"

श्वास धरून बसले. यंत्रांचे पंखे चालूच होते, ते त्याला ऐकू गेले असतील तर गेले. मग लाइन बंद झाली. लगेच पुन्हा फोन आला.

"ताई, मघाशी तू होतीस का?"

"मी डबा खात होते. काय झालं?"

"काही नाही. कापडवाल्यांचं झालं. आता शाळेकडे जातो."

"कठड्याला टेकला नाही ना पाहुणा?"

"नाही."

उन्हात माणूस काहीही बोलतो. टोपी घालत जा म्हणून किती वेळा सांगितलंय.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. गुडघे दुखतात, आणि वर माझं काय काम.

पाण्याची टाकी भरत होती. पारवे होते. खाली कोणाचं तरी दार आपटलं. कुठेतरी एक बाई मुलाला हाका मारत होती, तो येत नव्हता. मग टाकी भरली आणि तोही आवाज थांबला.

बराच वेळ उभी होते. खाली आले तर पडद्यावर तीन लाइनी लाल.

३१ मार्च, सोमवार

आज ठरवून दिवसभर बोलले नाही. लाइन चालू, कामापुरतं "कापडवाले", "शाळा", "मागचा खांब" एवढंच. बघू म्हटलं, जमतं का. जमतं. जिभेला काही झालं नाही.

तासाभराने तो म्हणाला, "आहेस ना?"

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा. "ताई? आहेस ना?"

"अरे आहे."

"बरं नाही का?"

"घसा."

जेवणाच्या सुट्टीत स्वतः खोलीवर आला, घशाच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन. घामाघूम. शिडी तशीच कोणाच्या तरी जिन्यात टाकून आला होता. दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता, मी एखादी लाल लाइन असल्यासारखा.

"डॉक्टरकडे जाऊया का?"

"घशासाठी? मग खोकल्यासाठी काय ॲम्ब्युलन्स बोलावशील?"

एवढं ऐकलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. त्याला काय हवं आहे, त्याचं त्यालाच कळत नसावं.

मग मी सांगितलं, "मी सही करते."

"का गं?"

"कंटाळा आला."

"हं," तो म्हणाला. हा प्रकार मी पूर्वी ऐकलेला नव्हता. वर सुरू होऊन खाली आला.

गोळी खाल्ली. पुदिन्याची होती म्हणे. पाकिटावर तसं लिहिलं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

सह्या झाल्या. जे घडलं ते क्रमाने लिहिते.

मोठ्या कंपनीची इमारत काचेची आहे. आतून बाहेरचे दिसतात, बाहेरून आतले दिसत नाहीत. त्या जाहिरातीतल्या मुलीचं चित्र लिफ्टसमोर भिंतभर. बंधुराजांनी नवा शर्ट घातला होता, घडी न मोडलेला. मी म्हणाले, "शर्टाची किंमत मागे चिकटलीय." त्याने हात मागे नेऊन चाचपलं. नव्हती. तेवढंच जरा बरं वाटलं दोघांनाही, असं मला वाटलं.

लांब टेबल. एका बाजूला टायवाला, गच्च्या बघायला आलेला पाहुणा आणि त्यांची वकीलबाई. दुसऱ्या बाजूला आम्ही. वकीलबाई तरुण होती, चष्मा डोक्यावर, आणि तिला सगळं मोठ्याने वाचून दाखवायची शिस्त होती. कोणाचे किती टक्के, किती वर्षं कंपनीत राहायचं, कोणाचा हुद्दा काय. बंधुराज जोडण्यांचे प्रमुख, मी ग्राहक विभागाची. वाचत वाचत ती त्या कलमाला आली.

"दोन्ही संस्थापकांची कामाची ठिकाणं वेगवेगळ्या इमारतींत असतील. कामाचे फोन आणि बैठकाही स्वतंत्र राहतील." चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "हे जरा वेगळं आहे. हे कोणाच्या विनंतीवरून घातलंय? नंतर वाद नको, म्हणून दोघांसमोर विचारून घेते."

टायवाल्याने बंधुराजांकडे पाहिलं. पाहुणा पाण्याचा ग्लास बघत होता. बंधुराजांचे कान लाल झाले होते. लहानपणी वर्गात उभं केल्यावर व्हायचे तसे. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याला घाम फुटला की मला बघवत नाही.

"माझ्या," मी म्हटलं.

टायवाला म्हणाला, "पण मॅडम, आमच्याकडे तर..."

मी त्याच्याकडे पाहिलं. माणूस दिसतो तेवढा मंद नाही. टाय सरळ केला.

"माझ्या विनंतीवरून," मी वकीलबाईंना सांगितलं. "वीस वर्षं ह्याचं 'हं' ऐकतेय. पेन्शन म्हणून तरी मला वेगळी इमारत द्या."

सगळे हसले. वकीलबाईसुद्धा. पाहुणा जरा उशिरा हसला. मग बरोबर म्हणून तिने खूण केली आणि पान उलटलं. जिथे जिथे बोट ठेवलं तिथे मी सही केली. पेन चांगलं होतं. बंधुराजांनी शेवटी केली. त्यांची सही नेहमीपेक्षा लहान आली.

हस्तांदोलनं झाली. कॉफी झाली. टायवाला म्हणाला, "आता आपण एक कुटुंब." मी म्हटलं, "म्हणूनच वेगळ्या इमारती." पुन्हा हसले.

लिफ्टची वाट बघताना आम्ही दोघंच होतो.

"तू कधी सांगितलंस त्यांना?" त्याने विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"मला बोलली नाहीस."

"सगळं तुला सांगायलाच हवं का?"

"नाही. तसं नाही." त्याने शर्टाची बाही खाली ओढली. "म्हणजे तुलाही..."

"तुलाही म्हणजे?"

"काही नाही."

लिफ्ट आली. आत आरसा होता, त्यामुळे कुठेही बघितलं तरी तो दिसत होता. चेहरा पार उतरला होता. जे हवं होतं ते मिळाल्यावर माणसं अशी का दिसतात, मला समजत नाही. दुसऱ्या मजल्यापाशी म्हणाला, "मी एवढा त्रास दिला का गं तुला?"

"फार नाही," मी म्हटलं.

खाली काचेचं मोठं दार होतं, आपोआप उघडणारं. आम्ही त्याच्या आसपास उभे असल्यामुळे ते सारखं उघडत होतं नि मिटत होतं. पहारेकरी आमच्याकडे बघायला लागला. त्याची गाडी डावीकडे होती, माझा बसथांबा उजवीकडे.

"सोमवारपासून मग..." तो म्हणाला आणि थांबला.

असा तो थांबला की वाक्य मी पूर्ण करते. त्याला ठाऊक आहे, म्हणून तर तो थांबतो. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी त्याच्याकडे. दार उघडलं, मिटलं. मला तीन-चार शेवट सुचले होते, त्यातला एक तर फार चांगला होता.

मी काही बोलले नाही.

"सोमवारपासून मग," तो पुन्हा म्हणाला, सावकाश, एकेक शब्द उचलून बघत, "तू इथे आणि मी तिकडे. आणि रविवारी जेवायला ये. नुसतीच ये, काम नसलं तरी."

"हं," मी म्हटलं.

वाक्य ठीक होतं. मी थोडं लहान केलं असतं.